आधी मी वाचते

माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको. पुण्यात अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवायचे तेव्हा जिन्यात माझा आवाज आला की मुलं वह्या उघडून बसायची. पुढे हेमचंद्रला तुआसमध्ये जहाजदुरुस्तीच्या कंपनीत काम मिळालं, आम्ही सिंगापूरला आलो आणि माझी नोकरी सुटली. शिकवणं मात्र सुटलं नाही. वर्गात ऐंशी मुलं असायची, मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये एकच उरली, एवढाच काय तो फरक. ती एक म्हणजे आमची ऋता.

ऋताच्या अभ्यासाची आमच्याकडे ठरलेली रीत होती. आधी मी वाचते, मग ती. पाचवीपासूनची रीत. विषय कुठलाही असो, धडा आधी मी वाचायचा आणि निळ्या कव्हरच्या वहीत त्याच्या नोट्स काढायच्या. व्याख्या लाल पेनने, आकृत्या पेन्सिलने, परीक्षेत हमखास येणाऱ्या वाक्यापुढे चांदणी. मग ती वही ऋताच्या हातात. पोरीने जाडजूड पुस्तकं घेऊन डोळे कशाला फोडायचे? मी आहे ना! सहावीची पीएसएलई परीक्षा गेली, ओ लेव्हल गेली, ए लेव्हल गेली, सगळीकडे उत्तम मार्क. माझी मैत्रीण विभा बुकित तिमाहहून एमआरटीच्या गाड्या बदलत बदलत यायची आणि तिच्या राजससाठी माझ्या वह्या झेरॉक्स करून न्यायची. मला काय कमी आनंद व्हायचा म्हणता?

फक्त मेडिकलला गाडी अडली. ऋताला लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं. इथल्या मेडिकलला तिने दोनदा अर्ज केला, दोन्हीदा मुलाखतीपर्यंत पोचली आणि दोन्हीदा मुलाखतीत राहिली. नेमकं काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही इथल्या पद्धतीला दोन-चार शिव्या हासडून मोकळी झाले. मग तिने लाइफ सायन्सेसची डिग्री घेतली, दोन वर्षं युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून काढली आणि यंदा अमेरिकेतल्या एका ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूलचं पत्र आलं. प्रवेश मिळाला! मी स्वयंपाकघरात अक्षरशः उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीबाई काय झालं म्हणून विचारायला वर आल्या, त्यांनाही बेसनाचा लाडू दिला.

पुण्याला फोन केला तर संजीवनीवन्सं म्हणतात, “ऑस्टिओपॅथी म्हणजे होमिओपॅथीसारखंच ना गं? साबुदाण्याच्या गोळ्या?” कप्पाळ! म्हटलं, वन्सं, तिकडे हे डॉक्टर बाकीच्या डॉक्टरांसारखीच औषधं लिहून देतात, ऑपरेशनं करतात. वर हातांनी तपासायला आणि हातांनी उपचार करायला जास्तीचं शिकतात. त्यावर वन्सं म्हणाल्या, “असेल बाई,” आणि फोन हेमचंद्रला द्यायला सांगितला.

तर मुद्दा असा, की आनंदाचे सहा आठवडे झाले आणि मार्चच्या शेवटच्या सोमवारी एक ईमेल आली. त्या कॉलेजात म्हणे पहिली दोन वर्षं शिकायच्या तीन वाटा. तुम्हाला कुठली हवी ते शुक्रवारी मध्यरात्रीच्या आत कळवा. त्यांची शुक्रवारची मध्यरात्र म्हणजे आमचे शनिवारचे दुपारचे बारा. सोबत एक रकाना, ही वाट तुम्ही का निवडता ते थोडक्यात लिहा. एकदा निवडलं की बदलणं जवळजवळ अशक्य.

ऋताने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्हाला समजावलं. पहिली वाट लेक्चरची. प्रोफेसर शिकवणार, मुलं ऐकणार, सगळं रेकॉर्ड होणार. दुसरी लहान गटाची. आठ मुलं, एक टेबल, समोर एका पेशंटची गोष्ट. गोष्टीचं एकेक पान उघडायचं, काय झालं असेल ते आपसात बोलायचं, काय माहीत नाही ते ठरवायचं आणि जाऊन शोधून आणायचं. लेक्चर नाहीच! शिक्षक नुसते बसून असतात. तिसरी वाट, यादी घ्या आणि स्वतःचं स्वतः वाचा.

“तिसरी तर नकोच,” मी म्हटलं. “आणि दुसरी म्हणजे काय चेष्टा आहे? फी घ्यायची आणि शिकवायचं नाही?”

“मला दुसरी हवीय,” ऋता म्हणाली.

“तुला?” माझा आवाज चढलाच. “प्रायमरी थ्रीच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं होतं? ऋताने वर्गात बोलावं. सेकंडरीत काय लिहिलं होतं? ऋताने वर्गात बोलावं! आठ अमेरिकन पोरांच्यात बसून तू काय करणार आहेस? मूग गिळून बसशील!”

“अय्यो आई, चिल ला,” ती म्हणाली. चिडली की तिच्या तोंडून सिंगापूर बाहेर येतं. “म्हणून तर हवीय ना.”

मी हेमचंद्रकडे बघितलं. तो आमटी भुरकत होता. “मला पहाटे तुआसची बस आहे,” म्हणाला आणि उठला. नवऱ्याची जात!

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते. प्रवेशाचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी मुस्ताफाच्या दुकानात जाऊन एक डझन निळ्या वह्या आणल्या होत्या. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो. ऋताने दिवसभराच्या लेक्चरचं रेकॉर्डिंग पाठवायचं आणि झोपायचं. मी इथे दिवसभर ते ऐकायचं, नोट्स काढायच्या, फोटो पाठवायचे. ती उठेपर्यंत वही तयार! बारा तासांचा फरक देवाने जणू आमच्यासाठीच ठेवला होता. एवढंच करून थांबले नव्हते. तिचं डिग्रीचं ॲनाटॉमीचं पुस्तक घेऊन, ती लॅबला गेली की रोज चार-पाच तास बसून मी आगाऊ लिहायला सुरुवात केली होती. पाच वह्या पूर्ण झाल्या होत्या. विमानतळावर द्यायच्या म्हणून माझ्या साड्यांच्या कपाटात, कांजीवरमच्या खाली ठेवल्या होत्या. आणि ही बया म्हणते, लेक्चर नकोच. मग मी काय ऐकणार, मी काय लिहिणार? हे मात्र मी कुणाला बोलले नाही.

मंगळवार-बुधवार आमच्यात त्याच विषयावर धुसफूस चालली. मी लेक्चरचे फायदे सांगायचे, ती हेडफोन घालायची. शेवटी तीच म्हणाली, “गुरुवारी सकाळी सातला त्यांचं ट्रायल सेशन आहे ऑनलाइन. लहान गट कसा चालतो ते बघायला. मग ठरवू, ओके?”

“ओके,” मी म्हटलं. मनात म्हटलं, बघच आता.

गुरुवारी तिने केस विंचरून, चांगला शर्ट घालून लॅपटॉप टेबलावर मांडला. मला म्हणाली, “आई, तू किचनमध्ये.” मी किचनमध्ये गेले. पण आमचं किचन केवढं, आणि त्याचं दार कधी बंद असतं? ओट्यापाशी उभं राहून मला तिची पाठ दिसत होती आणि स्क्रीनवरचे आठ चेहरे. एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, त्या शिक्षिका. त्यांनी पहिलं पान दाखवलं. चव्वेचाळीस वर्षांचा ट्रक ड्रायव्हर. सकाळपासून धाप लागतेय, छातीत दुखतंय. बस, एवढंच.

पोरं बोलायला लागली. कुणी विचारतंय तो सिगरेट ओढतो का, कुणी विचारतंय किती लांबून ट्रक चालवत आला, कुणी म्हणतंय दुखणं कसलं, टोचल्यासारखं की दाबल्यासारखं. एकमेकांचं बोलणं तोडत होती, हसत होती. आणि माझी ऋता? तोंडात मिठाची गुळणी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिची मान थोडी थोडी खाली जात होती. माझा जीव नुसता कासावीस. अगं बोल ना! धाप लागतेय, छातीत दुखतंय, वय चव्वेचाळीस, ट्रक ड्रायव्हर, चहा-सिगरेट, सगळं कसं स्वच्छ आहे!

मला राहवलं नाही. फ्रिजवर वाण्याच्या सामानाची यादी लावलेली होती, ती उलटी केली, मोठ्या अक्षरांत ‘हार्ट ॲटॅक. बोल!’ असं लिहिलं, कॅमेऱ्यात येणार नाही अशी वाकून टेबलाच्या कडेने गेले आणि चिठ्ठी तिच्या हाताखाली सरकवली.

तिने चिठ्ठीकडे बघितलं. आणि इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय, तिने वाचूनच टाकलं. “हार्ट ॲटॅक,” ती मोठ्याने म्हणाली.

 त्या बाई फार गोड हसल्या. म्हणाल्या, “असू शकेल. या पानावरच्या कुठल्या गोष्टीवरून तुला तसं वाटलं? आणि आता तुला पुढे काय जाणून घ्यावंसं वाटतं?”

ऋताने चिठ्ठी उलटून बघितली. कुठल्या गोष्टीवरून, हे मी चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. मी टेबलाच्या कडेला गुडघे मोडून बसले होते आणि मला तिचे कान लाल झालेले दिसत होते. लहानपणी व्हायचे तसे.

“मला माहीत नाही,” ती शेवटी म्हणाली. “सॉरी. माझ्या आईने चिठ्ठी दिली.”

पोरं हसली. वाईट नाही हसली, माझी आईसुद्धा असंच करेल, असं एक मुलगा म्हणालाही. बाई म्हणाल्या काही हरकत नाही आणि दुसरं पान उघडलं. दुसऱ्या पानावर त्या ड्रायव्हरची पोटरी सुजलेली होती. अठरा तास एका जागी बसून ट्रक चालवला होता त्याने. पायात रक्ताची गाठ झाली होती आणि ती फुफ्फुसात गेली होती. म्हणजे हार्ट ॲटॅक नव्हताच. माझं उत्तर साफ चुकलं होतं!

मी रांगतच किचनमध्ये परत गेले. बावन्न वर्षांची बाई, रांगत.

सेशन संपल्यावर ऋताने लॅपटॉप मिटला. मी चहा नेऊन ठेवला. मला वाटलं, आता ही माझ्यावर कडाडणार, आणि मी ऐकून घेणार होते. पण ती म्हणाली, “तुझंच बरोबर आहे, आई. मला नाही जमणार. मी लेक्चरच घेते.”

“अगं, पण...”

“इथल्या मुलाखतीत पण हेच झालं होतं,” ती चहाच्या कपाकडे बघत म्हणाली. “दोन्हीदा. त्यांनी एक पेशंट दिला आणि विचारलं, आता तू काय करशील? मी नुसती थांबून राहिले. म्हणजे, आधी कुणीतरी वाचून ठेवलं असेल, असं वाटत राहिलं मला. तिथे कुणीच वाचून ठेवलेलं नव्हतं.” ती कप न उचलताच उठली आणि लॅबला निघून गेली.

झालं माझ्या मनासारखं! खरं म्हणजे मी साखर वाटायला हवी होती. दुपारी कपाट उघडलं, सहावी वही काढली आणि लिहायला बसले. एक ओळ लिहिली, दोन ओळी लिहिल्या. तिसरी काही उतरेना. मुलाखतीत ती का राहिली, हे मला इतक्या वर्षांनी कळलं होतं. आणि शिव्या मी कुणाला घातल्या होत्या?

शुक्रवारी रात्री जेवताना ऋता म्हणाली, “उद्या सकाळी फॉर्म भरते. लेक्चर.” हेमचंद्रने पोळीचा घास तसाच हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं. ती उठून गेल्यावर अगदी हळू म्हणाला, “उल्का, ती लेक्चरं ऐकणार कोण आहे? ती की तू?”

“म्हणजे?”

“कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्या ठेवायला गेलो होतो,” तो म्हणाला. “कांजीवरमखाली.”

हा माणूस वर्षाला चार वाक्यं बोलतो आणि चारही वर्मी लागतात. मी भांडी घासायला उठले आणि नळ मोठा सोडला.

शनिवारी सकाळी मी थालीपिठं करत होते. हेमचंद्र पेपर घेऊन बसला होता, ऋता टेबलापाशी लॅपटॉप उघडून नुसती त्याच्याकडे बघत होती. दहा वाजले होते. तव्यावरचं थालीपीठ उलटायला उलथनं उचललं आणि ते माझ्या हातातून सुटून खण्णकन फरशीवर पडलं. हात बधिर झाला होता, बोटं माझी नव्हेतच अशी. हे गेला महिनाभर चाललं होतं. हात झटकला की बरं वाटायचं, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

“काय झालं?” ऋता धावत आली.

“काही नाही गं, मानेचं आहे. माझ्या आईला नव्हता का स्पॉन्डिलायटिस, तसंच असणार.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवायचं काय त्यात? मला माहितीये ना.” एवढं बोलले आणि माझी मीच थबकले. हार्ट ॲटॅकसुद्धा मला माहीतच होता की!

मी गॅस बंद केला. हात पुसले, बाहेर आले आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. “ऋता, बस इथे. पहिलं पान. बावन्न वर्षांची बाई. उजव्या हाताला मुंग्या येतात, वस्तू सुटतात. पुढचं पान तू उघड.”

“आई, आता? मला फॉर्म भरायचाय.”

“बारा वाजायला दोन तास आहेत. विचार मला. मी विचारलेल्याचंच उत्तर देईन, जास्तीचा एक शब्द बोलणार नाही.”

“तू?” हेमचंद्र पेपरामागून म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा!” रागावले की मी त्याला अहो-जाहो करते.

ऋता बसली. आधी नुसतीच बघत राहिली. मिनिटभर गेलं. माझ्या जिभेच्या टोकावर दहा गोष्टी आल्या, मी दात आवळून धरले. एवढं कठीण काम मी आयुष्यात केलं नव्हतं, खरं सांगते. मग तिने विचारलं, “कधीपासून?”

“महिना. सव्वा महिना.”

“कधी जास्त होतं?”

“रात्री. झोपेतून उठून हात झटकावा लागतो. पण मानेचं...”

“आई, गप्प! पेशंटने निदान सांगायचं नाही.” तिचा आवाज एकदम माझ्यासारखा आला. तिने माझा हात हातात घेतला, उताणा केला, आणि एकेक बोटाच्या टोकाला चिमटीत धरून विचारायला लागली. “इथे? इथे?” अंगठा, हो. पहिलं बोट, हो. मधलं, हो. अनामिका, अर्धी. मग ती करंगळीपाशी आली. “इथे?”

“इथे नाही. करंगळी ठीक आहे.”

“नक्की? कधीच नाही?”

“कधीच नाही.”

 तिचे डोळे असे बारीक झाले, आणि मला कळलं की ही आता कुठेतरी पोचतेय आणि कुठे ते मला माहीत नाही. “करंगळी का नाही?” ती स्वतःशीच पुटपुटली. “मानेतून असतं तर... नाही, थांब, मला माहीत नाही. मला बघावं लागेल.” ती उठून खोलीत गेली, तिथून ओरडली, “माझं ॲनाटॉमीचं पुस्तक कुठाय?”

 पुस्तक माझ्याकडे होतं. उठून ते आणून दिलं. तिने ते माझ्याकडे पाठ करून उघडलं, पानं उलटली, बोटाने ओळी वाचल्या. मला डोकावायचंसुद्धा नव्हतं. मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिले. हेमचंद्रने पेपर केव्हाच खाली ठेवला होता.

ती परत आली. “दोन्ही हात असे पालथे एकमेकांना टेकव, बोटं खाली. धरून ठेव.” मी धरले. तिने घड्याळ लावलं. अर्धं मिनिट झालं नाही तोच उजव्या हाताला मुंग्यांचं वारूळ फुटलं. मग तिने मनगटाच्या मधोमध बोटाने टकटक केलं आणि माझ्या मधल्या बोटापर्यंत सणकन वीज गेली. मी किंचाळले.

“मनगट आहे, आई,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण आजचा लाल वेगळा होता. “मान नाही. म्हणजे, मला तसं वाटतंय. इथे मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून मीडियन नर्व्ह जाते. ती दबली की ही साडेतीन बोटं बधिर होतात. करंगळीची नर्व्ह वेगळी, ती या बोगद्यातून जात नाही. सोमवारी पॉलिक्लिनिकमध्ये दाखवू.” मग तिने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो चांगला डॉक्टर विचारेल असाच होता. “पण तुला का झालं? या हाताने तू दिवसभर करतेस काय?”

आता आली पंचाईत. मी विचारलेल्याचं उत्तर देईन असं कबूल केलं होतं.

“लिहिते,” मी म्हटलं.

“काय लिहितेस?”

मी उठले, कपाट उघडलं, कांजीवरम बाजूला केली आणि पाचही वह्या आणून टेबलावर ठेवल्या. सहावी अर्धवट, तीही. ऋताने पहिली उघडली, मग दुसरी.  पानं उलटत राहिली. लाल पेन, पेन्सिल, चांदण्या. मग दुसऱ्या वहीत एका पानावर तिचा हात थांबला आणि तिने वही माझ्याकडे फिरवली.

हाताची आकृती होती. मीच काढलेली, तीन आठवड्यांपूर्वी. मनगटातला बोगदा, त्यातून जाणारी मीडियन नर्व्ह पिवळ्या रंगाने. खाली माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘ही दबल्यास अंगठा व पुढची बोटे बधिर होतात. करंगळी शाबूत राहते.’ ‘शाबूत’खाली लाल रेघ, आणि पुढे चांदणी.

मुंग्या आलेल्या हाताने मी ते लिहिलं होतं. लिहिताना दोनदा थांबून तोच हात झटकला होता, हेही मला आठवलं. चांदणी काढली, आणि पान उलटलं!

मला हसू आलं आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. ऋता घाबरली. “आई, इट्स ओके, ते बरं होतं...”

“हाताचं नाही गं,” मी म्हटलं. “अगं, मी आधी वाचलं म्हणजे तुला आलं, असं मला वाटत होतं. मी वाचलेलं मलाच आलं नाही! तू विचारत विचारत गेलीस आणि तासाभरात पोचलीस. लेक्चर तुला नको होतं, ऋता. मला हवं होतं. तू तिकडे गेलीस की मी इथे दिवसभर काय करू, हे मला कळत नव्हतं. म्हणून हवं होतं.”

ती माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि माझा हात तिने सोडला नाही. हेमचंद्रने नाक शिंकरलं आणि पेपर उलटा धरून वाचायला लागला.

“आणि तिथे मी गप्प बसले तर?” तिने हळूच विचारलं. “आजच्यासारखं मिनिटभर नाही, दहा मिनिटं?”

“बस गप्प. मग अकराव्या मिनिटाला विचार, कधीपासून? चिठ्ठी द्यायला मी नसेन.”

साडेअकरा वाजले होते. तिने लॅपटॉप ओढला आणि कॉलेजच्या पानावर गेली. लहान गटापुढे बरोबरची खूण केली. कारणाच्या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहीत होती, मी उठून थालीपिठाचं बघायला गेले. गार होऊन त्याची चिवट चामडी झाली होती. नवीन थापायला घेतलं, डाव्या हाताने. वेडंवाकडं होत होतं.

“आई!” बाहेरून हाक आली. “आपोआप लॉग आउट झालं. पासवर्ड काय आहे?”

तिचे सगळे पासवर्ड मी ठेवते. शाळेपासून. फ्रिजवरच्या छोट्या डायरीत, तारखांसकट. मी डायरी काढून तिच्यापुढे ठेवली.

“तू वाच ना, मी टाइप करते,” ऋता म्हणाली.

“तूच बघ. आणि आत गेलीस की आधी फॉर्म पाठव, मग पासवर्ड बदल,” मी म्हटलं. “नवा मला सांगू नकोस.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग डायरीचं ते पान उघडून वाचलं, फॉर्म पाठवला, आणि नवा पासवर्ड टाकताना एका हाताने स्क्रीन माझ्यापासून थोडी पलीकडे वळवली. मी दुसरं थालीपीठ तव्यावर टाकलं.